डंपरच्या तळाशी

डंपरवाले तिला तोंडावर 'ताई' म्हणत आणि पाठ वळली की 'जबडा' म्हणत. जबडा म्हणजे तिच्या कारखान्यातलं सगळ्यात मोठं यंत्र. पाडलेल्या इमारतींचे काँक्रीटचे तुकडे, तुळया, जिन्याच्या पायऱ्या, काहीही त्यात टाका, दोन पोलादी दाढांमध्ये भरडून खालून खडी पडायची. ती खडी धुऊन चाळायची, बारीक माल वाळूच्या जागी वापरायचा आणि त्याचे अंगणात, फुटपाथवर बसवायचे ब्लॉक पाडायचे, हा तिचा धंदा. आपलं टोपणनाव तिला माहीत होतं. ते सख्ख्या धाकट्या भावाने ठेवलंय, हेही माहीत होतं.

भावाबहिणीचं वैर वडिलांच्या वाटणीतून आलं होतं. वडील पाडकामाचे ठेकेदार. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या इमारती पाडल्या आणि उतारवयात, राडारोडा टाकायला जागा मिळेना तेव्हा, एक जुना क्रशर, म्हणजेच हा जबडा, घेऊन शहराबाहेरच्या माळावर बसवला. जाताना त्यांनी पाडकाम मुलाला दिलं आणि क्रशर मुलीला. त्याला राडा टाकायला ती लागेल, तिला राडा मिळायला तो लागेल, म्हणजे दोघं एकमेकांना धरून राहतील, असा त्यांचा विचार. दोघं धरून राहिले खरे, पण एकमेकांची मानगूट.

सुरुवातीला धाकटा हसला होता. "तुला भंगार मिळालं," असं चार लोकांत म्हणाला होता. मग नदीतली वाळू उपसायला बंदी आली, राडारोडा उघड्यावर टाकला तर दंड व्हायला लागला, आणि त्या भंगारापुढे गाड्यांची रांग लागली. तेव्हापासून बाबांनी आपल्याला फसवलं हे त्याच्या डोक्यात घट्ट बसलं. दोघं समोरासमोर उभे असले तरी थेट बोलत नसत. मधे वजनकाट्यावरचा माणूस लागायचा.

"त्याला सांग, गाडीत गाद्या आहेत. गाद्यांची खडी होत नाही," ताई म्हणायची.

"तिला सांग, वरून पडल्या असतील. आभाळातून," धाकटा म्हणायचा.

"ऐकलंत ना दोघांनी? मग मी चहा पिऊन येतो," काटेवाला म्हणायचा.

ताईचं लग्न झालं नव्हतं. कारखान्याच्या वर्कशॉपवर दोन खोल्या होत्या, तिथे ती आणि आई राहायच्या. रस्त्याच्या पलीकडे वडिलांचं घर, त्यात धाकटा आणि त्याची बायको. आई जेवायची मुलीकडे आणि दुपारची जायची मुलाकडे. जाताना इकडच्या बातम्या तिकडे न्यायची, येताना मात्र रिकाम्या हाताने यायची.

त्या सकाळी जबडा नेहमीसारखा सुरू होता. जबड्यात जाण्याआधी राडा एका सरकत्या पट्ट्यावरून यायचा आणि दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या बायका त्यातलं लाकूड, चिंध्या, प्लास्टिक वेचून काढायच्या. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या बाईला सगळे मावशी म्हणत. तिने अचानक लाल दोरी ओढली. पट्टा थांबला. ताई वर्कशॉपमधून ओरडतच आली, "कोणाचा हात अडकला?"

"हात नाही. हे बघ."

मावशीच्या हातात राखाडी रंगाचा, पन्हळीसारखा वळलेला तुकडा होता. तुटलेल्या कडेला बारीक पांढरट तंतू सुटले होते, सुती कापड फाटल्यावर सुटतात तसे.

ताईने हा तुकडा लगेच ओळखला. जुना सिमेंटचा पत्रा. गोदामांवर, शेडवर, आजवर शेकडो छपरांवर तिने तो पाहिला होता. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, तो फोडायचा नाही, भरडायचा तर मुळीच नाही, हे क्रशरचा परवाना घेताना तिच्या डोक्यात पक्कं बसवण्यात आलं होतं.

"खाली ठेव. हळू. आणि सगळ्या बाहेर चला. कपडे झटकू नका, तशाच या."

धाकट्याचा डंपर अर्धा रिकामा उभा होता. वर काँक्रीटचे चांगले, स्वच्छ ठोकळे. ताईने पाण्याचा पाइप लावून सगळं भिजवलं आणि पोकलेनवाल्याला उरलेला माल हळूच पसरायला लावला. तळाशी पत्रेच पत्रे होते, मुद्दाम फोडून दाबून भरलेले.

"ताई," मावशी दबक्या आवाजात म्हणाली, "हे मागच्या महिन्यातही आलं होतं गं. मला वाटलं कौलाचे तुकडे. मी जाऊ दिले."

ताईची नजर पट्ट्यावरून जबड्याकडे गेली, जबड्याखालच्या खडीच्या ढिगाकडे गेली, मग उन्हात वाळत ठेवलेल्या ब्लॉकच्या थप्प्यांकडे. त्यातल्या काही थप्प्या आता तिथे नव्हत्या. त्या एका शाळेच्या अंगणात बसवून झाल्या होत्या.

ती गाडी काढून थेट भावाच्या कामावर गेली. तिथे एक जुनं गोदाम पाडणं चालू होतं. भिंती उभ्या होत्या, छप्पर गेलं होतं. धाकटा मुकादमाशी बोलत होता. तिला पाहून त्याने सवयीने मुकादमाकडे तोंड केलं.

"हिला विचार, इकडे काय काम काढलं?"

"त्याला कशाला विचारतोस? मला विचार. छपराचे पत्रे कुठे गेले?"

"कुठले पत्रे?"

"तू आत्ता ज्या छपराखाली उभा राहायला हवा होतास, त्याचे."

मुकादम काहीतरी निमित्त काढून सटकला.

"विकले," धाकटा म्हणाला.

"मला पाठवलेल्या डंपरच्या तळाशी विकलेस?"

"सापडले तर बाजूला काढायचे. पट्ट्यावर त्या बायका कशाला उभ्या केल्यास, शोभेला?"

"ते जबड्यातून गेलेत. मागच्या महिन्यापासून जातायत. त्याची धूळ झालीय. ती धूळ छातीत गेली की बाहेर येत नाही, तुला माहितीये. वीस-तीस वर्षांनी माणूस धापा टाकायला लागतो."

"वीस-तीस वर्षांनी!" तो हसला. "तोवर तू आणि मी काठी टेकत असू. आपण त्याच पत्र्यांखाली वाढलो, ताई. काय झालं आपल्याला? कोण मेलंय ते दाखव. एक नाव सांग."

"बाबा."

त्याचा चेहरा एकदम आवळला गेला.

"बाबा सिगारेटने गेले."

"हाताने पत्रे काढायचे ते. तोंडाला साधा रुमालही नसायचा."

"डॉक्टर काय म्हणाला ते मीही ऐकलंय. तो म्हणाला, नक्की सांगता येत नाही. त्याचा तुला हवा तो अर्थ लावू नकोस."

"तूही लावू नकोस."

"अगं, ते पत्रे रीतसर काढायचे तर वेगळी माणसं, वेगळे कपडे, वेगळी गाडी. तेवढ्यात हे काम दुसऱ्याने उचललं असतं. तुझं काय जातं? तू तिथे तोंड उघडून बसलेली. वरून पडेल ते गिळायचं."

"मी कळवणार आहे."

"कळव ना." तो जवळ आला. त्याच्या भुवयांवर पांढरी धूळ बसली होती. "पण नीट विचार कर. भरडलं कोणी? तू. ब्लॉक कोणाचे? तुझे. शिक्का कोणाचा आहे त्यावर? मला दंड होईल, तुला टाळं लागेल."

त्याचं म्हणणं खरं होतं. म्हणूनच तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही. गाडीत बसली आणि दार इतक्या जोराने आपटलं की आरसा निखळून खाली आला.

संध्याकाळी घरी पोचली तेव्हा आईला सगळं आधीच कळलेलं होतं. ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती.

"घरातलं घरात ठेव," आई म्हणाली.

"घरातलं नाहीये हे. शाळेच्या अंगणात बसलंय."

"कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय."

"त्याची बायको रडतेय तिकडे. परवाना गेला तर ते खाणार काय?"

"आणि पट्ट्यावरच्या बायका? त्यांच्या छातीत काय गेलंय ते बघायचं नाही?"

"त्या तुझ्या कोण लागतात?" आई वळली. "सख्ख्या भावापेक्षा त्या जवळच्या झाल्या? लहानपणापासून तुझं हेच. त्याच्या हातून पेला फुटला की तू धावत बाबांना सांगायला."

ताई चाळिशी ओलांडलेली बाई. तिच्या हाताखाली तिसेक माणसं कामाला. त्या पेल्याच्या उल्लेखाने मात्र ती पुन्हा लहान मुलगी झाली आणि मग त्याचाच तिला राग आला.

"आई, बाबांना माहीत होतं का? पत्र्यांचं?"

आईने गॅस बंद केला.

"डॉक्टरने सांगितलं होतं त्यांना. ते म्हणाले, आता सांगून काय उपयोग. मुलाला यातलं काही बोलू नकोस, तो धंदा सोडून देईल."

"म्हणजे तुलाही माहीत होतं."

"जेवायला बस," आई म्हणाली.

ताई जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पालिकेच्या प्रदूषण खात्यात फोन केला आणि आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग भावाचं.

पुढचं सगळं धाकट्याने सांगितलं होतं तसंच झालं, फक्त त्याने सांगितलं होतं त्यापेक्षा वाईट. पांढरे अंगभर कपडे आणि नळकांडी मुखवटे घातलेली माणसं आली. खडीचा ढीग, वाळूचा ढीग, ब्लॉकच्या थप्प्या, सगळं जाड प्लास्टिकने झाकलं गेलं. जबड्याला सील लागलं. धाकट्याचा परवाना थांबवला गेला आणि गोदामाचं काम दुसऱ्या ठेकेदाराकडे गेलं.

शाळेत ताई स्वतः गेली. मुख्याध्यापिकेने तिला बसायलाही सांगितलं नाही.

"आमची मुलं त्यावर धावलीत. त्यावरच पडलीत. आणि तुम्ही आता सांगायला आलात?"

"ब्लॉकमध्ये ते सिमेंटने बांधलेलं असतं, सुटं उडत नाही. पण झिजलं तर उडेल. म्हणून एकही ब्लॉक ठेवणार नाही. अंगण ओलं ठेवून काढू, पुन्हा नवं..."

"तुमच्या कारखान्याचा एक खडाही पुन्हा या दारातून आत यायचा नाही."

"बरोबर आहे तुमचं," ताई म्हणाली. दुसरं काय म्हणणार? ब्लॉक निघत असताना ती रोज तिथे उभी राहायची. फाटकाबाहेर पालक जमायचे. एका बाईने तिला विचारलं, "तुम्हाला मुलं आहेत का?" ताईने नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "तरीच."

सगळ्यात जास्त लागलं ते मावशीचं. पट्ट्यावरच्या सगळ्या बायकांच्या छातीची तपासणी ताईने करून घेतली. डॉक्टरांनी सांगितलं, इतक्यात काही दिसणार नाही, दरवर्षी येत राहा. बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "तू खरं बोललीस, चांगलं केलंस. पण चूल आमची विझली."

"सील निघेपर्यंत निम्मा पगार देतेय ना, मावशी."

"निम्म्या पगारात घरातली निम्मी माणसंही जेवत नाहीत. तुला राग आला असेल तर येऊ दे. मला तर दोरी ओढल्याचा पश्चात्ताप होतोय."

त्या आठवड्यात आईने कपड्यांची बोचकी बांधली आणि रस्ता ओलांडून मुलाकडे राहायला गेली. भांडण असं काही झालं नाही. ताईने मदतीला हात पुढे केला तर आई म्हणाली, "राहू दे. तुझ्या हाताला बरीच कामं आहेत." दोन फेऱ्यांत सामान गेलं. बोचकी उचलून न्यायला धाकटा आला होता. जिन्यात तो ताईच्या अंगावरून गेला, जणू तिथे खांब आहे.

एवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. एका सकाळी ताई खाली उतरली तर कारखान्याचं फाटक दिसेना. रातोरात कोणीतरी काँक्रीटचे आडदांड ठोकळे फाटकाला टेकवून ओतले होते. सळया बाहेर आलेल्या, माणसाच्या उंचीचा ढिगारा. कोणीतरी म्हणायचं ते आपलं बोलण्यापुरतं. पलीकडच्या ओट्यावर धाकटा चहा पीत बसला होता.

"गाडी निघत नसेल ना," तो मोठ्याने म्हणाला. काटेवाला मधे नव्हता. "चाल थोडी. तब्येतीला चांगलं असतं."

ताईने पोलिसांना बोलावलं नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. आधी तिने ढिगाऱ्याभोवती एक चक्कर मारली. प्रत्येक ठोकळ्याची कड बघितली, पाणी मारून बघितलं, पत्रा कुठे नाही ना याची खात्री केली. ते त्याच्या आधीच्या कुठल्याशा कामावरचं, इमारतीच्या पायातलं जुनं, कसदार काँक्रीट होतं, आतली खडी निळसर काळी. मग तिने शेजारच्या कारखान्यातून एक पोकलेन मागून आणला आणि एकेक ठोकळा उचलून आत, सील न लागलेल्या कोपऱ्यात, नीट रचून ठेवला.

"काय करतेस त्याचं?" पलीकडून तो ओरडला. त्याच्या आवाजातली मजा जरा कमी झाली होती.

"ठेवते. चांगला माल आहे. तुझ्याकडून इतका चांगला माल कधी आला नव्हता."

सील निघायला बरेच महिने लागले. दूषित माल खात्याच्या माणसांनी बंद गाड्यांतून नेला. जबडा, पट्टा, चाळण्या धुऊन, तपासून झाल्या. कामाला लागायला सगळ्या बायका आल्या नाहीत, पण मावशी आली. ताईने नवा नियम केला होता: कोणाचाही डंपर असो, माल आधी अंगणात ओला करून पसरायचा, मावशीने फिरून बघायचा, मगच पट्ट्यावर. डंपरवाले वैतागले. काही जण दुसरीकडे गेले. पहिल्या दिवशी जबड्यात गेलं ते फाटकावर ओतलेलं काँक्रीट. त्याची इतकी छान खडी पडली की मावशीनेही मूठभर हातात घेऊन बघितली. त्या खडीचे ब्लॉक पालिकेने गटाराच्या कडेला लावायला घेतले.

धाकट्याचा परवाना त्याच सुमारास परत मिळाला. त्याने आपला राडा लांबच्या दुसऱ्या कारखान्यात पाठवायला सुरुवात केली. डिझेल जास्त जायचं, तरी बहिणीचं तोंड बघायचं नाही या आनंदात तो ते सोसत होता. पण पत्रे आता तो रीतसर माणसं बोलावून काढायचा, ताईचा उद्धार करत करत. "जबड्याने माझ्यावर नजर ठेवलीय" असं प्रत्येक कामावर सांगायचा. तिने काही नजर ठेवलेली नव्हती. तिला स्वतःची कामं काय कमी होती?

मग एका दुपारी भावजय फाटकाशी आली. एवढ्या वर्षांत ती या बाजूला कधी आली नव्हती. आत बोलावलं तर म्हणाली, "नको. मी बसायला आले नाही. एक विचारायचंय."

"विचार."

"तुमच्याशी माझं काही जुळायचं नाही, वन्सं. तुम्ही आमचं वाटोळं केलं, हे मी विसरणार नाही."

"हे विचारायला आलीस?"

"नाही." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "त्यांचे कपडे मी धुते. घरी आले की आधी शर्ट झटकायचा आणि मग बादलीत टाकायचा, असं लग्नापासून करतेय. टीव्हीवर काल एक डॉक्टर बोलत होता. तो म्हणाला... ते खरं आहे का?"

ताईला लहानपणीचं आठवलं. बाबांचे शर्ट. गॅलरीत उभं राहून रोज संध्याकाळी ते झटकणारी आई. धुळीचा तो ढग आणि त्यात खोकत हसणारी आई. इतकी माणसं तपासली, इतके ढीग झाकले, आणि ही एक बाई आपल्या डोक्यातच आली नाही.

"झटकू नकोस," ती म्हणाली. "कधीच नाही. कामावरचे कपडे कामावरच ठेवायला सांग त्याला. घरी आलेच तर तसेच पाण्यात बुडवायचे. वेगळी बादली. मुखवटा मी देते." आणि मग घाईने, "आईला दाखवायला हवं. तिचा छातीचा फोटो..."

"मी नेते सासूबाईंना."

"मी गाडी काढते."

"तुम्ही नका येऊ. तुम्ही दिसलात तर त्या गाडीत बसणार नाहीत. म्हणतील, मुलावर खटला भरायला हिला माझा फोटो हवाय."

"असं म्हणाली ती?"

"आधीच म्हणून झालंय." भावजयीने मुखवट्यांची पिशवी घेतली, आभार मानले नाहीत आणि रस्ता ओलांडून गेली.

तपासणी झाली. काय निघालं ते भावजयीनेच फाटकाबाहेरून सांगितलं, हातातली भाजीची पिशवी खालीही न ठेवता. आईच्या उजव्या फुप्फुसाच्या अस्तरावर जुने व्रण होते. दुखणं म्हणावं असं आत्ता काही नाही, पण दरवर्षी दाखवायचं. डॉक्टरने विचारलं होतं, घरी कोणी सिमेंटच्या पत्र्यांचं काम करायचं का?

"मग?"

"त्या नाही म्हणाल्या. हे बाजूलाच उभे होते."

"आणि तो काय म्हणाला?"

"ते म्हणाले, वडील करायचे. मीही करतो." भावजयीने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "सासूबाई तेव्हापासून त्यांच्याशीही बोलत नाहीत."

ताईने मान हलवली. विचारायचं बरंच होतं, पण भावजय वळली होती, आणि रस्त्यापलीकडच्या गॅलरीत आई उभी होती. ती इकडेच बघत होती. ताईने हात अर्धा वर केला. आईने दोरीवरचा एक ओला टॉवेल उगाच सरळ केला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

अंगणात नवा डंपर रिकामा होत होता. मावशी पाण्याचा पाइप धरून ओरडत होती की कोणी मोठा ठोकळा उलटा करायला येणार आहे की नाही. ताईने मुखवटा नाकावर चढवला, पहार उचलली आणि तिकडे गेली.